कविता शिकवण्याआधी पोरांचे कागद वाचा

पाठकोरा | सोमवार, रात्री ९:४०

'दहावीच्या रसग्रहणाची तयार उत्तरं मिळतील का' या धाग्यावर परवा जी जुंपली, त्यात मी एक प्रतिसाद टाकला होता. तो तिथे वाहून गेला, म्हणून इथे नीट लिहिते. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. एका वर्गात साठच्या आसपास मुलं. म्हणजे शिकवणं कमी आणि हाकारे जास्त.

रसग्रहणाच्या वह्या ज्यांनी तपासल्यात त्यांना हे माहीतच असेल. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद. पहिल्याची सुरुवात 'प्रस्तुत कवितेत कवीने', तिसऱ्याचा शेवट 'त्यामुळे ही कविता मनाला भावते'. कवितेचं नाव बदला, बाकी मजकूर तोच. कुणाला काय भावलं, का भावलं, याचा मागमूस नाही. चूक मुलांची नाही. आधी आपण अर्थ सांगतो, मग प्रश्न विचारतो, मग आपलंच वाक्य आपल्याला परत येतं आणि आपण त्याला गुण देतो.

मी क्रम उलटा केला आहे. कविता शिकवण्याआधी लिहून घ्यायचं. कवीचं नाव नाही, शीर्षक नाही, प्रस्तावना नाही. फळ्यावर नुसत्या ओळी. मी दोनदा मोठ्याने वाचते. मग कार्यालयातून आणलेले पाठकोरे कागद वाटते आणि दहा मिनिटांत दोनच गोष्टी लिहायला सांगते: काय दिसलं, आणि कुठे अडलं. गुण नाहीत. ते कागद घरी नेऊन वाचते आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एकमेकांना छेद देणारी दोन-तीन वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहिते. तास तिथून सुरू होतो. नियम एकच: काहीही म्हण, पण ओळ दाखव.

बालकवींच्या 'औदुंबर'चं उदाहरण देते. आठच ओळींची कविता, आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. 'निसर्गकवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' या एका वाक्यात ती दरवर्षी पुरली जाते. एका कागदावर आलं, 'पायवाटेवरून लोक गावाकडे चालले आहेत.' दुसऱ्यावर, 'पायवाट डोहाकडे जाते, तिथे कोण कशाला जाईल?' दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि बाजूला झाले.

आधी गावाकडे म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. वाट म्हटल्यावर ती गावालाच जाणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओळ वाचली: 'हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे'. सगळे गप्प. म्हणजे गाव मागे राहिलं? मग एक मुलगी म्हणाली, 'बाई, पण लोक कुठे आहेत?' आणि अख्खा वर्ग माणूस शोधायला लागला. घरं चार आहेत, शेतं आहेत, मळे आहेत, 'गरदी' हा शब्दसुद्धा आहे. पण गर्दी शेतमळ्यांची. कवितेत माणूस एकही नाही. मी हे आजवर कितीदा तरी 'शिकवलं' असेल. पण त्या दिवशी त्यांना ते सापडलं, आणि त्यांनी ते मला ऐकवलं.

पुढचं याहून भारी. एका मुलाने कागदाच्या समासात रंग मांडले होते: हिरवा, निळा, हिरवा, पांढरा, हिरवा, काळा, काळा. आणि खाली फक्त तीन शब्द: 'शेवटी हिरवं संपलं.' हा मुलगा चाचणीत नापास होणाऱ्यांतला. तो कागद मी त्याला विचारून वर्गात वाचला. मग मी फक्त एवढंच विचारलं की कवितेत चालतंय कोण आणि बसलंय कोण. झरा वाहतो, पायवाट चालली. बसलेला एकच, औदुंबर. पाय पाण्यात टाकून.

इथपर्यंत आल्यावर मी कवीचं नाव सांगितलं, १८९० ते १९१८ हे एवढंसं आयुष्य सांगितलं, आणि मग पुन्हा लिहायला लावलं. दुसऱ्या कागदावर 'सुंदर वर्णन' हे शब्द फार थोड्यांनी वापरले.

तुमच्यापैकी कुणी असं काही करतं का? आणि दहावीच्या वर्गात वेळ कसा काढता?

---

तिसरा_बाक | सोमवार, रात्री १०:०५

बाई, आमच्या वेळी 'औदुंबर' म्हणजे चेतनगुणोक्ती (झाडा-झऱ्याला माणसासारखं वागवणं) अलंकाराचं उदाहरण. पुढे काही नाही. आता पुन्हा वाचली. अंगावर काटा आला.

---

जुना_परीक्षक | सोमवार, रात्री १०:५२

वाचायला छान आहे. मात्र काही व्यावहारिक आणि काही तात्त्विक आक्षेप नोंदवतो. बोर्डाच्या उत्तरपत्रिका मी अनेक वर्षे तपासल्या आहेत, त्यामुळे 'प्रस्तुत कवितेत'चा कंटाळा मला तुमच्यापेक्षा कमी आलेला नाही.

व्यावहारिक आक्षेप असा. लेखी परीक्षा ८० गुणांची, अंतर्गत २०. कृतिपत्रिकेत आकलनकृती आहेत, स्वमत आहे, व्याकरण आहे, उपयोजित लेखन आहे. रसग्रहण हा त्यातला लहानसा तुकडा. त्याच्यासाठी एका कवितेला दोन-तीन तास दिले तर पुस्तक फेब्रुवारीत संपेल. साठ कागद रोज कोण वाचणार? तुमच्या हौसेला दाद देतो, पण हौस म्हणजे पद्धत नव्हे.

तात्त्विक आक्षेप अधिक महत्त्वाचा. 'मला काय दिसलं' हा साहित्याच्या आकलनाचा पाया धरला की प्रत्येकाचं खरं ठरतं. चौदा वर्षांच्या मुलाला काय दिसतं? त्याने काल पाहिलेला चित्रपट. कवितेला परंपरा असते, संकेत असतात, छंद असतो. ते सांगायला शिक्षक लागतो. मुलांच्या अज्ञानातून साहित्याचं आकलन कसं 'सखोल' होणार?

---

पाठकोरा | सोमवार, रात्री ११:२०

सर, रोज नाही करत. एका सत्रात दोन कविता आणि एक गद्य पाठ, एवढंच. बाकीचं तुमच्यासारखंच रेटते. आणि साठ कागदांचं म्हणाल तर ते तपासायचे नसतात, चाळायचे असतात. लाल पेन हातात नसलं की साठ कागद पाऊण तासात होतात. दहा मिनिटांत मुलं लिहून लिहून किती लिहिणार, पाच-सात ओळी.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर उद्या देते, झोप आली.

---

शेवाळवाट | मंगळवार, सकाळी ७:१५

पदवीच्या वर्गांना साहित्य शिकवतो. जुना_परीक्षक यांच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी थोडा जुना संदर्भ.

पाठकोरा यांनी जे केलं ते १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केलं होतं. कवीचं नाव आणि काळ काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना द्यायच्या, आठवडाभर वेळ द्यायचा, त्यांच्याकडून मोकळेपणाने लेखी मत घ्यायचं. पुढच्या आठवड्याचं व्याख्यान त्या कवितांइतकंच, किंबहुना जास्तच, त्या कागदांवर. यातल्या तेरा कविता आणि त्यांवरची विद्यार्थ्यांची टिपणं घेऊन १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक आलं.

गंमत अशी की हे पुस्तक जुना_परीक्षक यांच्या बाजूने जास्त बोलतं. केंब्रिजची निवडक मुलं, तरी त्यांनी जॉन डन आणि हॉपकिन्ससारख्या थोर कवींना नाकारलं आणि आज विस्मरणात गेलेल्या एका पाद्री कवीच्या कवितेला डोक्यावर घेतलं. साधा वाच्यार्थ कित्येकांना लागला नव्हता. ठरीव प्रतिक्रिया, आपल्याच आठवणी कवितेवर लादणं, भाबडेपणा, सगळं त्यात आहे. पण रिचर्ड्स यांनी त्यावरून 'यांना काही कळत नाही, आपणच सांगू' असा निष्कर्ष काढला नाही. वाचताना नेमकं कुठे आणि कसं घसरतं, हे त्यांना त्या कागदांशिवाय दिसलंच नसतं. त्यांचाच एक विद्यार्थी विल्यम एम्प्सन. त्याने एका कवितेतल्या ओळींचे अनेक अर्थ कसे एकाच वेळी उभे राहतात यावर लिहायला घेतलं आणि १९३० मध्ये त्याचं पुस्तक झालं. तेव्हा तो विशीत होता.

तेव्हा सर, पहिला कागद अज्ञान दाखवतो हे खरं. ते दिसलं पाहिजे ना पण? आपण आधी अर्थ सांगितला तर ते अज्ञान तिथेच राहतं, फक्त आपल्या वाक्याखाली झाकलं जातं.

---

जुना_परीक्षक | मंगळवार, सकाळी ९:३०

रिचर्ड्स आम्हालाही होते. निदानाचा मुद्दा मान्य. पण निदान केल्यावर औषध डॉक्टरने द्यायचं की रुग्णांनी आपसांत मतदान करायचं?

---

पाठकोरा | मंगळवार, दुपारी १:४०

सर 😀 मतदान नाही. म्हणून तर 'ओळ दाखव'.

याच कवितेतलं सांगते. आमच्याकडे उंबर सगळ्यांच्या ओळखीचा. एकाने लिहिलं, 'आमच्या विहिरीवर उंबर आहे, त्याच्या मुळ्या आत पाण्यात गेल्यात. रात्री तिकडे जायचं नाही असं आजी म्हणते. ही भुताची कविता आहे.' दुसरीचं घर दत्तभक्तांचं. दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जातात, सांगलीकडच्या औदुंबरला जातात. तिने लिहिलं, 'औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड. कोणी साधू पाण्यात पाय सोडून बसलाय असं वाटलं.' हे शेवाळवाट यांच्या भाषेत आपल्या आठवणी लादणं झालं. मान्य. पण दोघांनाही ओळ दाखवायला लावली. भुतावाल्याने 'काळ्या डोहाकडे' दाखवलं, 'झाकळुनी' दाखवलं. साधूवालीने 'गोड' दाखवलं. काळिमा आहे, पण 'गोड काळिमा'. भुताला कोण गोड म्हणेल? त्यावर भुतावाला अडला, पण हरला नाही. म्हणाला, 'मग गोड म्हणून बोलावतोय का?'

आता यातलं कुठलं बरोबर? मी निकाल दिला नाही, कारण कविताच देत नाही. पण 'लोक गावाकडे चालले आहेत' याला मात्र मी स्पष्ट चूक म्हटलं, कारण तशी ओळच नाही. काही वाचनं चूक असतात आणि काही उघडी राहतात. हा फरक मुलांना व्याख्यानातून कळत नाही. स्वतःचं वाक्य फळ्यावर टिकतं की पुसलं जातं ते बघून कळतो.

आणि परंपरेचं म्हणाल तर ती मी सांगतेच. नंतर सांगते. छंद, चेतनगुणोक्ती, निसर्गकविता, सगळं. फरक एवढाच की तोवर त्यांना ते ऐकायचं असतं.

---

केळीचा_घड | मंगळवार, दुपारी ३:०५

खान्देशातून हजेरी लावतो. बालकवी धरणगावचे म्हणजे आमचेच, एवढं आधी नोंदवून घ्या भो. 😎

मी बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'वर असं करून पाहिलं आहे. आसोदं आमच्यापासून लांब नाही, मुलांच्या आज्या तसंच बोलतात. ही कविता शिकवायची म्हणजे संसारात कष्ट आहेत, कष्टाशिवाय फळ नाही, एवढा सुविचार सांगायचा आणि पुढे जायचं. मी म्हटलं, आधी घरी जाऊन भाकरी करा. मुलांनी पण. करता आली नाही तरी चालेल, आईजवळ बसा, आणि काय झालं ते घरच्या बोलीत लिहून आणा. 'मातीत, आगीत, परिश्रमाने' असलं काही नको.

मुलांचं लिखाण विनोदी निघालं. नकाशे, तुकडे, पिठाचे हात दाराला. पण एका मुलीने लिहिलं ते सांगतो. तिने लिहिलं होतं की चटका तव्याचा फारसा बसत नाही, तवा तर दिसतो. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा असतो, तेव्हा वाफ येते ती दिसत नाही, तिचा बसतो. आणि पुढे, 'मायले इचारलं तर ती म्हने आता काई लागत नही. मंग कवितेत 'आधी' काहून म्हने?'

यावर तास गेला. 'आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर'. आधी म्हणजे रोज भाकरीच्या आधी, का संसाराच्या सुरुवातीला? सवय झाल्यावर चटका बसायचा थांबतो, का बसतो आणि कळत नाही? मग एक पोरगा, एरवी कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, 'सर, चटके जिले बसतात तिले भाकर सगळ्याच्या मागून मिळते.' वर्गातल्या पोरी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

आता जुना_परीक्षक म्हणतील ओळ दाखव. खरं आहे, ती ओळ नाही. बहिणाबाई तसं म्हणत नाहीत. उलट पुढे त्या 'खोटा कधी म्हणू नही' असं बजावतात. मी त्याला तेच म्हटलं. मग तो म्हणाला, 'म्हनून तर मी लिहिलं.' म्हणजे कवितेचा अर्थ म्हणून नाही, कवितेला उत्तर म्हणून. हे दोन वेगळे कप्पे आहेत हे मला त्याने दाखवलं. तेव्हापासून मी दोन रकाने करायला लावतो: कविता काय म्हणते, आणि मी कवितेला काय म्हणतो.

---

शेवाळवाट | मंगळवार, दुपारी ४:२०

दोन रकान्यांची युक्ती उचलली. धन्यवाद.

---

माहेरची_साडेतीन | मंगळवार, संध्याकाळी ६:११

मी शिक्षिका नाही, आई आहे. या धाग्यावर सगळे खूश दिसतायत म्हणून दुसरी बाजू.

माझ्या मुलाने सातवीत एका धड्यावर स्वतःच्या मनाने उत्तर लिहिलं. 'यातल्या आईचं मला पटलं नाही' असं. शाळेचं नाव घेत नाही. वहीवर लाल अक्षरांत 'उत्तर चुकीचे, पुन्हा लिही' आणि खाली गाईडमधलं वाक्य. त्यानंतर तो मराठीत स्वतःचं एक वाक्य लिहीत नाही. मी सांगितलं तरी नाही. म्हणतो, रिस्क नको.

तेव्हा तुम्ही लिहून घ्याल हो, पण पुढच्या वर्षी दुसरे सर आले की? एकाने मोकळं करायचं आणि दुसऱ्याने कोंबायचं, यात मुलाचंच मरण.

---

पाठकोरा | मंगळवार, रात्री ८:३०

ताई, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी मुलांना उघड सांगते: हा कागद वेगळा आणि परीक्षा वेगळी. परीक्षेतही तुमचं वाक्य चालतं, फक्त त्याला ओळीचा आधार द्या. कुठलाही तपासणारा आधार असलेलं वाक्य सहसा कापत नाही. इथले परीक्षक सांगतीलच.

---

जुना_परीक्षक | मंगळवार, रात्री ९:१५

सांगतो. स्वमताच्या प्रश्नात मत कुठलं हे बघायचंच नसतं, मांडणी बघायची असते. पण गठ्ठा मोठा असतो, वेळ थोडा असतो आणि डोळा ओळखीच्या वाक्यावर थांबतो, हेही खरं आहे. वेगळं उत्तर वाचायला वेळ लागतो. ज्याने वेळ दिला तो गुण देतो. त्या मुलाला माझ्यातर्फे सांगा की पुन्हा लिही, आणि 'पटलं नाही'च्या पुढे 'कारण' हा शब्द लिही.

आणि पाठकोरा, एक शंका. पहिल्या कागदावर शुद्धलेखन बघता का? 'पाणि', 'आनि', ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद असेल.

---

पाठकोरा | मंगळवार, रात्री ९:३२

पहिल्या कागदावर अजिबात नाही. दुसऱ्यावर बघते.

---

जुना_परीक्षक | मंगळवार, रात्री ९:४०

इथे मात्र मी तुमच्याशी कधीच सहमत होणार नाही. असो.

---

आखूडशिंगी | मंगळवार, रात्री १०:१८

सगळे कवितेवरच अडकलेत. नाटकाचं कुणी काही करतं का? आमच्या बारावीच्या मुलांना नाटक म्हणजे पात्रपरिचय आणि मध्यवर्ती कल्पना.

---

शेवाळवाट | बुधवार, सकाळी ७:५०

मी करतो. गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. मुलांना आधी वाटतं दारूबंदीवरचं जुनाट नाटक. शेवटी मरणासन्न सिंधू फौजदारासमोर खोटी जबानी देते आणि दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला, वाचवते. तो प्रवेश वाचायच्या आधी मी मुलांना पोलीस ठाण्यातल्यासारखी जबानी लिहायला लावतो. कोरडी, तारीख-वेळ-जागा, 'मी विचारल्यावरून सांगते की' वगैरे. काही जण सिंधूची लिहितात, काही सुधाकरचा मित्र रामलाल याची, काही सिंधूचा भाऊ पद्माकर याची. मग नाटकातली जबानी वाचायची.

आपल्याच कागदावर खरी हकीकत लिहिलेली असताना सिंधूचं खोटं ऐकलं की वर्ग चिडतो. मुली जास्त. एकीने विचारलं होतं की आम्हाला राग येतो, मग तेव्हाचे प्रेक्षक रडले कसे? हा प्रश्न माझ्या टिपणांत नव्हता. त्यावरून मग आम्ही १९१९ चा रंगमंच काढला. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, म्हणजे पुरुष. पतिव्रतेचा आदर्श तेव्हा किती खोल मुरलेला, गाण्यांमुळे त्या दुःखाला किती गोडवा येतो. आणि तरीही गडकऱ्यांनी ती जबानी फौजदारासमोर, कायद्याच्या समोर का ठेवली? सत्य सगळ्या प्रेक्षकांना माहीत आहे आणि कागदावर मात्र खोटं नोंदवलं जातंय. एका मुलाने लिहिलं, 'सिंधूला फौजदार फसतो, आपण नाही. म्हणून आपण तिच्या खोट्याचे साक्षीदार आहोत.' हे वाक्य मला सुचलं नव्हतं. आता मी ते त्याच्या परवानगीने दरवर्षी वापरतो.

पण एक सावधगिरी. 'पात्राच्या भूमिकेतून पत्र लिहा' हा प्रकार आता गाईडवाल्यांनीही उचलला आहे. 'प्रिय डायरी, आज मी खूप दुःखी आहे' छापाचं लिखाण येतं, त्याने काही खोल होत नाही. लिखाणाला मूळ संहितेतली एखादी फट हवी. जे नाटकात सांगितलेलं नाही पण घडलं असणार, किंवा जे सांगितलंय पण खोटं आहे, तिथेच लिहायला लावायचं. आणि लिहून झाल्यावर संहितेकडे परत आलं पाहिजे. नाहीतर तो निबंध, साहित्याचा अभ्यास नव्हे.

---

केळीचा_घड | बुधवार, सकाळी १०:०२

'परत आलं पाहिजे' याला हजार मोदक.

अवांतर: आमच्याच जिल्ह्यात अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते तेव्हा छात्रालयाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज! आपण वर्षाला एक हस्तलिखित काढतो आणि तेही उद्घाटनाच्या फोटोपुरतं. चकाकत्या कागदाचा बॉर्डर, मुखपृष्ठावर सरस्वती, आत इंटरनेटवरून उतरवलेल्या कविता. त्या ऐवजी एका कवितेवरचे वर्गातले वीस कागद बांधून ठेवले तर पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचायला देता येतील.

---

पाठकोरा | बुधवार, दुपारी २:१५

हे मी करते! बांधत नाही, फाईलला लावते. 'औदुंबर'ची फाईल आहे. नव्या वर्गाचा दुसरा कागद लिहून झाला की मगच ती उघडायची. आधी दिली तर तेच नवं गाईड होतं, हा धोका पक्का आहे. यंदाच्या मुलांनी जुन्या एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'चूक. झरा बेटांतून वाहतो, बेटावर नाही.' समीक्षकांची भांडणं याहून फार वेगळी नसावीत.

---

सात_समुद्र | बुधवार, रात्री ८:४५ (इथे सकाळ)

अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमचे प्रश्न निराळे. मुलांना पायवाट माहीत नाही, डोह माहीत नाही, उंबर तर नाहीच. बालकवी कसे पोचवणार?

पण मागच्या रविवारी मीही एका कवितेवर असेच कागद लिहून घेतले. 'मराठी येत नसेल तिथे इंग्रजी चालेल, पण कवितेतला शब्द मराठीतच लिहायचा' एवढी अट. एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी मुलं पानभर लिहीत होती. अडलेल्या जागांची यादी मात्र मला घाम फोडणारी निघाली. मला वाटत होतं अवघड शब्द अडतील. ते त्यांनी अंदाजाने पार केले. अडलं ते क्रियापदांपाशी: कोण बोलतंय, कुणाला बोलतंय. 'तू' आणि 'तुम्ही'मधला फरक त्यांना ऐकूच येत नाही, त्यामुळे मुलगा वडिलांशी बोलतोय की देवाशी, यावर वर्गाचे दोन तट. हे मला प्रश्नोत्तरांतून कधीच कळलं नसतं.

---

तिसरा_बाक | बुधवार, रात्री ९:२०

एक बाळबोध प्रश्न. आता मुलं सगळं चॅटबॉटकडून लिहून आणतात ना? माझी भाची रसग्रहण अर्ध्या मिनिटात काढते. त्यात 'आशयसौंदर्य' पण असतं.

---

पाठकोरा | बुधवार, रात्री ९:४१

म्हणून तर कागद वर्गात, दहा मिनिटं, हाताने. घरी काही द्यायचंच नाही. आणि 'कुठे अडलं' या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडून आणून काय करणार, ते अडलेलंच नसतं.

भाचीला सांगा, त्या यंत्राचं रसग्रहण आणून दे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला ओळ दाखव. माझ्या दहावीच्या मुलांनी तसं केलं. निम्मी वाक्यं कुठल्याही कवितेला लागू पडत होती. मग एकजण म्हणाला, 'बाई, आमचं पण असंच असायचं की.'

---

जुना_परीक्षक | गुरुवार, सकाळी ८:०५

काल रात्री नातीला बसवली. आठवीत आहे, इंग्रजी माध्यम. 'औदुंबर' वाचून दाखवली, कागद दिला. शुद्धलेखनाबद्दल बोललो नाही, हे विशेष नमूद करतो. तिने लिहिलं: 'झाडाला सगळे रस्ते माहीत आहेत पण ते कुठे जात नाही.' मी म्हटलं, ओळ दाखव. ती म्हणाली, शेवटची. मी म्हटलं, त्यात रस्ते माहीत असल्याचं कुठे आहे? तर म्हणते, 'वाट त्याच्याकडेच येते ना, आजोबा.'

वाद घालता आला नाही. पाठकोरा, सहावीच्या वर्गासाठी सुरुवात कुठल्या कवितेने करावी? आमच्या सोसायटीतल्या मुलांना रविवारी गोळा करावं म्हणतो.

---

पाठकोरा | गुरुवार, दुपारी १:२०

सर, सहावीला पुस्तकातलीच घ्या, पण लहान, आठ-दहा ओळींची, आणि जिच्यात गोष्ट अर्धवट सुटते अशी. गेय कविता पहिल्यांदा नको, मुलं चालीत वाहून जातात. सुविचाराने संपणारी तर नकोच, सगळे शेवटची ओळ उतरवून मोकळे होतात. दहाएक मुलंच असतील तर कागद घरी न्यायचीही गरज नाही. लिहून झालं की टोपलीत टाका, ज्याच्या हाताला जो येईल तो त्याने वाचायचा. अक्षर ओळखून हसणं होतं पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळेपासून नाही.

आणि शुद्धलेखन दुसऱ्या कागदावर, सर. 🙏

---

जुना_परीक्षक | गुरुवार, दुपारी १:३४

बघू.